वीझीप्रिंट: वेलांटी एकदाची जागेवर आली

सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या मी जँगोत (पायथनमधली वेबसाइट बांधायची चौकट) लिहिलेल्या छोट्या अ‍ॅपमधून काढतो. पीडीएफ बनवायच्या आधीच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) 'पार्किंग' छापलं की रफार सुटून 'र्' एकटा पडायचा आणि वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसायची. खजिनदार काका म्हणाले, "अरे, ही पावती आहे की शब्दकोडं?"

मग वीझीप्रिंट लावलं. पायथनचं, मुक्तस्रोत, फुकट. एचटीएमएल आणि सीएसएस द्यायचं, पीडीएफ घ्यायची. अक्षरांची जुळवाजुळव ते पँगो नावाच्या दुसऱ्या लायब्ररीकडून करून घेतं, त्यामुळे रफार, वेलांट्या, जोडाक्षरं सगळं जागच्या जागी. पानाचा आकार ए५, तळाला पानक्रमांक, हे सीएसएसमध्येच सांगता येतं.

पहिल्या दिवशी मात्र माझी फजिती झाली. लॅपटॉपवर झकास, सर्व्हरवर नुसते चौकोन! तिथे देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो सान्स देवनागरी टाकला, प्रश्न मिटला. जावास्क्रिप्ट यात चालत नाही, हे आधीच लक्षात घ्या. आलेख हवा असेल तर एसव्हीजी (रेषा-आकारांचं चित्र) तयार करून द्यावा लागतो. मला पावतीत आलेख कशाला हवाय म्हणा.

फाइल पाठवताना कंटेंट-डिस्पोझिशन (फाइल ब्राउझरमध्येच उघडायची की डाउनलोड करायची, हे सांगणारी सूचना) मी 'इनलाइन', म्हणजे तिथेच उघडणारं, ठेवलंय. 'अटॅचमेंट' होतं तेव्हा पावती गुपचूप डाउनलोडमध्ये जायची आणि रात्री दहाला फोन, "पावती आलीच नाही हो!"

आता फोन येतात ते थकबाकीवरून. आकडा नीट वाचता येतो ना.