शेजारच्या बाकावरचा माणूस

रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल या दोन राज्यशास्त्रज्ञांचे अमेरिकनांच्या धर्मजीवनाविषयीचे 'अमेरिकन ग्रेस' (२०१०) हे पुस्तक जाडजूड आहे, आलेखांनी खच्चून भरलेले आहे, आणि तरीही महिनाभर उशाशी ठेवून सावकाश वाचावे असे आहे. २००६ मध्ये तीन हजारांहून अधिक अमेरिकनांच्या मुलाखती घेऊन आणि पुढच्याच वर्षी त्यांतल्या बऱ्याच जणांना पुन्हा गाठून केलेली पाहणी हा त्याचा पाया आहे.

नेमाने प्रार्थनेला जाणारी माणसे अधिक समाधानी असतात आणि चर्चबाहेरच्या कामांनाही सढळ हाताने मदत करतात, यात फारसे नवल नाही. नवल आहे ते कारणाचे. श्रद्धा किती गाढ किंवा पंथ कोणता, याच्याशी या फरकाचा फारसा संबंध लागत नाही. तो लागतो त्या प्रार्थनास्थळी आपले जिवाभावाचे सोबती किती आहेत, याच्याशी. जोडीदारामुळे चर्चच्या गोतावळ्यात ओढला गेलेला नास्तिक हा घरी एकट्याने प्रार्थना करणाऱ्या परमभाविकापेक्षा अन्नछत्रात वाढायला उभा राहण्याची शक्यता कितीतरी अधिक, असे लेखक बेधडक मांडतात. पटनम यांनी चेयून लिम यांच्यासह त्याच पाहणीवरून लिहिलेल्या शोधनिबंधात तर आकडेच आहेत: दर आठवड्याला जाणाऱ्या आणि तिथे तीन ते पाच जवळचे मित्र असलेल्यांपैकी ३३ टक्के लोक आयुष्याबद्दल 'अत्यंत समाधानी' होते; तितक्याच नेमाने जाणाऱ्या, पण तिथे एकही जवळचा मित्र नसलेल्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्केच भरले.

आलेखांचा कंटाळा येऊ लागतो तिथे लेखक आपल्याला थेट प्रार्थनास्थळांत नेतात. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या हजारोंच्या चर्चमध्ये खरी वीण असते ती कुणाच्या तरी घरी जमणाऱ्या छोट्या गटांची, हे तिथे नीट दिसते.

मात्र चर्चमधल्या मैत्रीत असे काय असते जे इतर मैत्रीत नसते, याचे समाधानकारक उत्तर पुस्तकात मिळत नाही, आणि मला हीच त्याची मोठी उणीव वाटते. शिवाय 'देवळात जाणे' म्हणजे आपल्याकडे सभासद होणे नव्हे. मराठी वाचकाने तुलना करायचीच तर देवळाशी न करता भजनी मंडळाशी किंवा दिंडीशी करावी. वेळ कमी असलेल्यांनी चांगल्या शेजारधर्माविषयीचे प्रकरण आधी वाचावे. राजकारणाची प्रकरणे मागे राहिली तरी चालतील.