छोट्या वर्कशॉपसाठी डस्ट एक्स्ट्रॅक्टर: आधी नळीचा व्यास पाहा

माझे वर्कशॉप दहा फूट बाय चौदा फुटांचे आहे. पुण्यात धायरीला एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या या खोलीत मी अभ्यासाची टेबले, पुस्तकांची कपाटे आणि देव्हारे तयार करतो. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून येते. त्यात सागवान, क्वचित शिसव आणि बाकी बहुतेक प्लायवुड व एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेले बोर्ड) असते. पावसाळ्यात दार लावूनच काम करावे लागते, आणि अशा बंद खोलीत लाकूड घासून गुळगुळीत करणारा ऑर्बिटल सँडर वीस मिनिटे चालला की ट्यूबलाइटभोवती धुळीचे वलय दिसू लागते. ढलपे आणि भुसा झाडूने गोळा करता येतात, पण हे वलय झाडूच्या हाती लागत नाही. ते कितीतरी वेळ हवेत तरंगत राहते आणि आपल्या श्वासावाटे आत जाते. त्यासाठी गेल्या वर्षी मी बॉशचा जीएएस १५ पीएस हा छोटा डस्ट एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे यंत्राला नळी जोडून धूळ उगमापाशीच ओढून घेणारा व्हॅक्यूम, घेतला. वर्षभर तो जवळजवळ रोज चालवल्यानंतर हे लिहीत आहे.

ही खरेदी चैनीची नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या यादीत केला आणि त्यात नाकाच्या व सायनसच्या कर्करोगाचा विशेष उल्लेख आहे. एमडीएफच्या डिंकातले फॉर्माल्डिहाइडही त्याच यादीत आहे. सागवान आणि शिसव यांच्या धुळीने त्वचेला खाज सुटणे, डोळे चुरचुरणे आणि सतत शिंका येणे हे तर या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण त्याला ‘सवय होते’ असे म्हणतो, पण ॲलर्जीची सवय होत नसते, ती वाढत जाते. युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेवरची मर्यादा २०२३ पासून घनमीटरमागे २ मिलिग्रॅमवर आणली आहे. हे प्रमाण डोळ्यांनी ओळखता येईल असे नाही, हे ही खरेदी करताना लक्षात ठेवावे.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न ‘किती वॅटचे हवे?’ असा येतो. मलाही तोच विचारण्यात आला आणि त्याच्या उत्तरावर विसंबून मी सर्वांत आधी १६०० वॅटचे एक साधे ओले-कोरडे व्हॅक्यूम घेऊन आलो होतो. एमडीएफवर सँडर चालवला की दहा मिनिटांत त्याचा फिल्टर पिठासारख्या थराने लिंपून जाई, ओढ निम्म्याहून कमी होई आणि मोटरच्या मागून येणाऱ्या गरम हवेबरोबर बारीक धूळ पुन्हा खोलीत पसरे. वॅट हे यंत्र किती वीज खाते याचे माप आहे. ते किती धूळ ओढते हे त्यावरून कळत नाही.

पाहायच्या गोष्टी दोन आहेत: दर सेकंदाला किती हवा ओढली जाते आणि ती किती जोराने, म्हणजे किती दाबाने ओढली जाते. धूळ आणि बारीक भुसा नळीत खाली न बसता वाहत राहावा, यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. सँडरला जोडायच्या ३५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा वेग राखायला सेकंदाला जेमतेम १९ लिटर हवा पुरते. प्लेनर (रंधा मारणारे यंत्र) किंवा टेबल सॉ (टेबलावर बसवलेली करवत) यांच्या १०० मिलिमीटरच्या तोंडाला मात्र त्याच वेगासाठी सुमारे १५७ लिटर हवा लागते. छोट्या एक्स्ट्रॅक्टरच्या नळीच्या टोकाशी प्रत्यक्षात ३० लिटरच्या आसपास हवा मिळाली, तर ती सँडरला भरपूर होते. पण तीच हवा १०० मिलिमीटरच्या तोंडापर्यंत पसरली की तिचा वेग सेकंदाला चार मीटरांच्याही खाली येतो आणि ढलपे तिथल्या तिथे साचतात. अडॅप्टर लावून नळी बसते, हवा वाढत नाही. म्हणून ‘एकच यंत्र सगळ्याला चालेल’ या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. सँडर, ट्रिमर व राउटर (कडा आणि खाचा कोरणारी यंत्रे), प्लंज सॉ (हातातली करवत) यांसारख्या हातातल्या यंत्रांना अरुंद नळीचा, जास्त दाबाचा एक्स्ट्रॅक्टर लागतो. प्लेनरला रुंद पाइपचा, मोठ्या पिशवीचा डस्ट कलेक्टर लागतो. माझे नव्वद टक्के काम हातातल्या यंत्रांवर होते, त्यामुळे माझी निवड सोपी झाली. प्लेनर मी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत नेऊन चालवतो.

जीएएस १५ पीएसची टाकी १५ लिटरची, मोटर ११०० वॅटची आणि वजन ६ किलोच्या आसपास आहे; एका हाताने उचलून तो टेबलाखाली सरकवता येतो. त्याच्या अंगावरच एक सॉकेट असून त्यात सँडर लावला की सँडर सुरू होताच एक्स्ट्रॅक्टर आपोआप सुरू होतो आणि सँडर थांबल्यावर नळीतली उरलेली धूळ ओढून घेण्यापुरता आणखी काही सेकंद चालतो. ही सोय वरवर किरकोळ वाटते, पण माझ्या मते सर्वांत जास्त किंमत तिचीच आहे, कारण वेगळे बटण दाबावे लागणारे यंत्र घाईच्या दिवशी बंदच राहते. फिल्टर तुंबला की नळीचे तोंड तळहाताने बंद करून वरची कळ दाबायची. हवा फिल्टरमधून उलटी घुसते आणि साचलेला थर टाकीत पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. एमडीएफच्या कामात हे दर पंधरा मिनिटांनी करावे लागते. ज्यांना दिवसभर सलग सँडिंग असते, त्यांनी दर काही सेकंदांनी स्वतःच फिल्टर झटकणारे मोठे मॉडेल घ्यावे.

विजेचा विचार खरेदीआधीच करावा. एक्स्ट्रॅक्टरचे ११०० वॅट आणि प्लंज सॉचे १४०० वॅट मिळून २३० व्होल्टवर जवळजवळ ११ अँपिअर होतात. ते घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालवणे धोक्याचे आहे. सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि तितक्याच जाडीची वायर नसेल, तर ती आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

धुळीच्या वर्गाबाबत माझा निर्णय आज वेगळा झाला असता. युरोपीय मानकात एल, एम आणि एच असे तीन वर्ग आहेत: एल वर्गाच्या यंत्रातून जास्तीत जास्त १ टक्का धूळ निसटू शकते, एम वर्गातून ०.१ टक्का आणि एच वर्गातून ०.००५ टक्का. एम वर्गाच्या यंत्रात हवेचा वेग कमी झाला की इशाराही वाजतो. माझे यंत्र एल वर्गाचे आहे. सागवान आणि एमडीएफ यांवर बंद खोलीत रोज काम करणाऱ्याने, थोडे थांबावे लागले तरी, एम वर्गाचेच घ्यावे असे मी आता सांगेन. आठवड्यातून एकदा छंद म्हणून काम करणाऱ्याला एल वर्ग आणि सोबत चांगला मास्क पुरेसा आहे.

टाकी लवकर भरते, म्हणून मी नळीच्या मध्ये एक प्लास्टिकचा सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ खाली पाडणारे शंकूसारखे भांडे) बसवला आणि त्याखाली रंगाची रिकामी बादली ठेवली. पहिल्याच आठवड्यात नळीत एक ढलपी अडकली, बादलीतली हवा ओढली गेली आणि बादली मोठा आवाज करत आत चेपली. हिशेब केल्यावर कारण कळले: २०० मिलिबारची ओढ ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे १४० किलोचा भार टाकते. आता तिथे रसायनांसाठी वापरला जाणारा जाड निळा ड्रम आहे, आणि सँडिंगची बहुतांश धूळ त्यातच उतरते. त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरची टाकी दोन महिन्यांनी रिकामी केली तरी चालते. कोरड्या हवेत मात्र प्लास्टिकच्या या जोडणीतून हाताला स्थिर विजेचे झटके बसतात. त्यासाठी अँटिस्टॅटिक नळी घेणे योग्य.

सँडरच्या बाजूनेही थोडी काळजी घ्यावी लागते. सँडपेपरची भोके पॅडच्या भोकांवर नीट बसली नाहीत, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. पेपर काढल्यावर त्याच्या पाठीवर भोकांभोवती स्वच्छ कडा दिसल्या, तर तो बरोबर बसला होता असे समजावे. जाळीचा पेपर लावल्यास ही अडचणच राहत नाही, आणि तो महाग असला तरी तुंबत नसल्याने जास्त टिकतो. ओढ फार असेल तर सँडर लाकडाला चिकटून बसतो आणि पृष्ठभागावर गोल ओरखडे पडतात. अशा वेळी ओढ कमी करावी.

यंत्र किती काम करते हे पाहण्यासाठी मी एका रात्री खोलीतले दिवे घालवून टॉर्चचा झोत टेबलावर आडवा धरला. एक्स्ट्रॅक्टरशिवाय सँडर चालवल्यावर झोत दुधासारखा पांढरा झाला. एक्स्ट्रॅक्टर जोडल्यावर त्यात मोजता येतील इतकेच कण राहिले. मग त्याच जोडणीवर ट्रिमरने फळीची कड गोल केली, तेव्हा धुळीची एक सरळ धार झोतातून माझ्या चेहऱ्याकडे येताना दिसली, कारण कडेवर काम करताना ट्रिमरच्या हुडाची (धूळ गोळा करणाऱ्या झाकणाची) अर्धी बाजू उघडीच राहते. ट्रिमर हातात घेताना मी अजूनही एन-९५ मास्क लावतो आणि काम संपल्यावर पाऊण तास तो काढत नाही.