पर्यावरणात पुढे शिकायचंय: जवळची एम.एस्सी. की मुंबईचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम?

बी.एस्सी. झाली, पर्यावरणातच पुढे शिकायचंय, पण जवळच्या विद्यापीठात एम.एस्सी. करावी की मुंबई गाठावी हे ठरत नसेल, तर आधी घरच्या विहिरीचं पाणी ग्लासात घेऊन पाहा. आपण विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे तिथले.

एम.एस्सी.त तुम्ही या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजाल, सोडियम काढाल, हेच पाणी कपाशीला दिलं की काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, का होते ते शिकाल. हा पाया पक्का असतो. पुढे पर्यावरणशास्त्रात नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापक व्हायचं किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागायचं, तर हीच वाट सरळ. खर्चही कमी, घरी येणंजाणं राहतं.

पण दर्यापूरकडच्या एखाद्या गावात नळयोजना होऊनही बाया टँकरची वाट का पाहतात, हे तिथे कोण शिकवणार? त्यासाठी पंपाचं थकलेलं वीजबिल, पाणीपट्टी, व्हॉल्व्ह कुणाच्या हातात आहे, सगळंच पाहावं लागतं. आयआयटी मुंबईचं 1985 पासूनचं सीटारा हे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र असंच काम करतं. विद्यार्थ्यांना गावात राहून प्रश्न समजून घ्यावा लागतो. खारपाणपट्ट्यातली गावं ज्यात आहेत त्या पोकरा या राज्य सरकारच्या शेती प्रकल्पासाठी पाऊस, माती, पीक एकत्र धरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईनेच बसवून दिली. तिथल्या एम.टेक.साठी मात्र गेट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि नुसती बी.एस्सी. पुरत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामानबदलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. कीटकनाशकातलं विष रसायनशास्त्र ओळखतं. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय, रोजाने फवारणारा मजूर, दवाखान्याचं अंतर हे वेगवेगळ्या विभागांत वाटून टाकलं, तर ती माणसं का गेली हे कुणालाच पुरतं कळत नाही. म्हणून माझा कौल दुसऱ्या, म्हणजे मुंबईच्या आंतरविद्याशाखीय वाटेला आहे. अट एकच: भूजल, माती किंवा जीआयएस (संगणकावर नकाशे व माहिती जोडणं), यांतलं एक तरी कौशल्य हातात पक्कं बसलं पाहिजे. नाहीतर सगळ्यातलं थोडंथोडं येतं आणि नोकरीच्या जाहिरातीत आपला विषयच सापडत नाही.

प्रवेशाआधी तिथले जुने प्रबंध मागून वाचा. विद्यार्थी गावात किती आठवडे राहिले आणि मार्गदर्शक किती विषयांचे होते, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळेल.