नाताळच्या रोषणाईसाठी स्वस्तातला एफएम ट्रान्समीटर: हंगामभर वापरल्यावर

घरावर नाताळची रोषणाई, दिवे गाण्याच्या तालावर चालणारे, आणि रस्त्याकडेला थांबलेल्या गाड्यांना ते गाणं रेडिओवर ऐकू जावं, एवढ्यासाठी मी एक छोटा एफएम ट्रान्समीटर घेतला. सप्टेंबरात चाचणीला लावला, डिसेंबरभर रोज संध्याकाळी चालला, आणि अजूनही घरात गाणी ऐकायला वापरतो. स्वस्तातला घेणाऱ्यांना माझं ठाम सांगणं आहे की पल्ला सगळ्यात शेवटी बघा. आवाज स्वच्छ येतो का आणि वीज आली की तो आपला आपण नीट सुरू होतो का, हे आधी.

स्पीकर लावले तर काय बिघडलं, असं बरेच जण विचारतात. शेजाऱ्यांना महिनाभर तीच गाणी ऐकवणं बरं नाहीच, पण दुसरीही अडचण आहे. आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, त्यामुळे लांब उभ्या माणसाला दिवा आधी दिसतो आणि ठेका मागून येतो. ब्लूटूथमध्येही असाच उशीर होतो. साध्या ॲनालॉग एफएमवर तो जाणवण्याइतका होत नाही, म्हणून आजही हाच मार्ग उत्तम.

आता पल्ला. ऑनलाइन बघितलं तर अर्धा वॅट, सात वॅट अशा डब्या अगदी स्वस्तात दिसतात आणि मोह होतो. पण परवाना नसलेल्यांसाठी अमेरिकेत सिग्नलच्या जोराची मर्यादा आहे ती ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्याच म्हणण्याप्रमाणे साधारण २०० फुटांचा पल्ला. ब्रिटनमध्ये २००६च्या डिसेंबरपासून असे छोटे ट्रान्समीटर चालतात, पण ५० नॅनोवॅटपर्यंतच. अर्धा वॅट म्हणजे त्याच्या एक कोटी पट! शिवाय एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि त्याला लागूनच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. फिल्टर धड नसलेली जोरदार डबी तिथे कचरा सांडू शकते. हा धोका घेण्याचं काहीच कारण नाही, कारण ऐकणारे असतात ते घरासमोरच्या चार गाड्यांमधले. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे, तो वाचूनच खरेदी करा.

माझा ट्रान्समीटर पीएलएलवाला आहे, म्हणजे फ्रिक्वेन्सी क्रिस्टलला बांधलेली. पडद्यावर आकडा टाकला की तो तिथेच राहतो. स्क्रू फिरवून जुळवायचे जे अगदी साधे ट्रान्समीटर मिळतात ते थंडीत सरकतात, आणि ही रोषणाई तर ऐन थंडीतच चालते. ते घेऊच नका.

दुकानात कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे आठवण. माझी सगळी रोषणाई टायमरवर आहे, रात्री वीज तुटते आणि दुसऱ्या संध्याकाळी येते. काही ट्रान्समीटर वीज आल्यावर कारखान्यातल्या मूळ फ्रिक्वेन्सीवर जातात, काही तर बटण दाबेपर्यंत गप्प बसतात. हातात आला की पहिल्या दिवशीच फ्रिक्वेन्सी बदला, प्लग काढा, थोड्या वेळाने परत लावा. तोच आकडा दिसला आणि गाणं ऐकू आलं तर ठेवा, नाहीतर परत करा. गाडीच्या लायटरमध्ये बसणारे जे ट्रान्समीटर असतात त्यांतले काही दोन गाण्यांमधल्या शांततेत झोपी जातात, म्हणून तेही या कामाला नकोत.

सगळ्यात जास्त वेळ गेला आवाजाच्या पातळीवर, आणि तो वसूलही झाला. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी फ्रिक्वेन्सी इकडेतिकडे सरकते, आणि त्याची हद्द ±७५ किलोहर्ट्झ. आत जाणारा आवाज जास्त झाला की झांजा आणि ‘स’चे उच्चार फाटतात. मी गाडीत बसून एकदा खरं स्टेशन, एकदा माझं, असं आलटून पालटून ऐकत गेलो आणि व्हॉल्यूमला हात न लावता दोन्ही सारखे वाटेपर्यंत पातळी उतरवत नेली. गाणी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून वाजतात, त्याच्या स्वतःच्या हेडफोन जॅकचा आवाज मला पसंत पडला नाही. यूएसबीचं साधं साउंड कार्ड लावलं आणि मागची खसखस गेली. तरी एक बारीक घूंऽऽ उरली होती. रास्पबेरी पाय, ट्रान्समीटर आणि दिव्यांचा पॉवर सप्लाय यांच्या अर्थिंगमुळे तयार झालेला तो ग्राउंड लूप होता. ऑडिओच्या वायरीत मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावल्यावर गाण्यांमधली शांतता खरोखर शांत झाली.

दिव्यांचाही त्रास असतो. सगळे पिक्सेल, म्हणजे रंग बदलणारे छोटे दिवे, एकदम पांढरे पेटले की रेडिओत खर्र असा आवाज यायचा, आणि लाल-निळ्या प्रसंगात तो जवळपास नसायचा. पांढऱ्यात तिन्ही रंग पेटतात, करंट सर्वात जास्त, आणि लांब वायरी त्या गोंगाटाच्या अँटेना होतात. सप्लायच्या वायरींवर हा गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या क्लिपा बसवल्या आणि ट्रान्समीटर दिव्यांपासून उचलून रस्त्याकडच्या खिडकीत, लोखंडी जाळीपासून दूर, उभा ठेवला. यातला जागेचा बदल जास्त कामी आला. मुळात अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाशी जुळती हवी. १०० मेगाहर्ट्झला पाव लहर म्हणजे ७५ सेंटीमीटर. कंपनीने दिलेली तशीच राहू द्या, तिला वायर जोडून वाढवू नका, कारण नियमाची मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

स्टिरिओ बंद करून मोनो ठेवलं. स्टिरिओ एफएमला खरखर मोनोपेक्षा बरीच जास्त येते, आणि काचा बंद केलेल्या गाडीत बसून दिवे बघणाऱ्याला डावं-उजवं फारसं कळत नाही. खरखर कमी झाल्याचा फरक मात्र कोपऱ्यावरच्या गाडीला लगेच कळला. मेन्यूत प्री-एम्फसिस, म्हणजे पाठवताना वरचे सूर मुद्दाम उचलण्याची सोय, असेल तर तेही बघा. अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, युरोपात ५०. चुकीचं ठेवलं तर आवाज बोचरा किंवा दबलेला येतो.

फ्रिक्वेन्सी शोधायची ती घरातल्या रेडिओवर शोधू नका, गाड्या जिथे थांबणार तिथे गाडीत बसून आणि रात्रीच शोधा. नुसती ती जागा रिकामी असून भागत नाही, दोन्ही बाजूंचे शेजारचे आकडेही रिकामे हवेत. एफएम रेडिओ दोन सिग्नलांतला जोरकस तेवढाच धरतो, त्यामुळे तुमच्या पल्ल्याच्या काठावर लांबचं एखादं स्टेशन अचानक गाणं हिसकावून घेतं. अमेरिकेत असाल तर ८८.१, ८८.३ असे विषम आकडेच निवडा, तिथल्या बऱ्याच गाड्यांचे रेडिओ मधल्या आकड्यांवर थांबतच नाहीत.

आरडीएस, म्हणजे रेडिओच्या पडद्यावर नाव दाखवणं, माझ्या ट्रान्समीटरमध्ये नाही. नावाला फक्त आठ अक्षरांची जागा असते, पण मुलांना ते फार आवडतं हे खरं. तरी त्यासाठी जास्त पैसे देण्यापेक्षा रस्त्याकडेला फ्रिक्वेन्सीचा मोठा, उजेडातला फलक लावा. फलक नसेल तर लोक काचा खाली करून बघतात, गाणं ऐकू येत नाही म्हणून निघून जातात.

तक्रारी सांगायच्या तर पडद्याचा निळा उजेड कमी करता येत नाही, बटणं इतकी जवळ आहेत की हातमोजे घालून दाबता येत नाहीत, आणि इतक्या महिन्यांत ऑडिओचा जॅक थोडा सैल पडला आहे. वायर हलली की एका बाजूचा आवाज जातो. मी वायरीला डबीजवळच केबल टाय मारून ताण काढला, तेव्हापासून व्यवस्थित चालतो आहे. पुढच्या डिसेंबरलाही हाच लावणार, फक्त एक जादा ॲडॅप्टर जवळ ठेवून.