एचडी टीव्हीचे साडेपाच महिने आणि एक पिवळी वायर

दसऱ्याला टीव्ही घेतला, २ ऑक्टोबर २०२५ला. आता पाडवा तोंडावर आलाय, म्हणजे साडेपाच महिने झाले. पहिल्या आठवड्यातच 'एक नंबर चित्र' असं लिहून मोकळा झालो असतो तर आज तोंडघशी पडलो असतो. कारण पहिला महिनाभर आमच्या घरात एचडी चालूच नव्हतं. पैसे एचडीचे जात होते, चित्र जुनंच येत होतं आणि घरातल्या चार माणसांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

तर, आधीचा टीव्ही ३२ इंची, 'एचडी रेडी' लिहिलेला. आठ वर्षं चालला, मग डाव्या बाजूला उभ्या रेघा आल्या. नवा ४३ इंची, फोर-के. मुद्दाम फोर-के हवा होता असं नाही, पण ४३ इंचात दुकानदार दुसरं काही दाखवायलाच तयार नव्हता. २२ सप्टेंबरला ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला होता. मूळ किंमत २० हजार धरली तर २५,६००चा टीव्ही २३,६००ला पडतो. दोन हजार वाचले याच आनंदात अर्धी खरेदी झाली. दुकानात भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच पोपट. त्याचं पीस न् पीस मोजता येत होतं. तो पोपट पुन्हा कुठल्याही चॅनेलवर भेटला नाही, हे आताच सांगून ठेवतो.

घरी एक जण येऊन टीव्ही भिंतीवर टांगून गेला. डिशवाला वेगळा आला, त्यानं जुना डबा नेला आणि एचडीचा दिला. आमचा डबा खाली शोकेसमध्ये असतो, टीव्ही वर. नव्या डब्याबरोबर आलेली एचडीएमआय वायर वरपर्यंत पुरेना. भिंतीतल्या पाइपातून जुनी लाल-पांढरी-पिवळी वायर आधीच ओढलेली होती. तो म्हणाला, "काका, हीच लावतो, चित्र तेच येतं." लावली. चित्र आलं. मोठं आलं, झगझगीत आलं. शेजारचे बघून गेले, "काय क्लिअर आहे हो!" म्हणाले. मीही मान डोलावली.

पिवळ्या वायरीतून एचडी येऊ शकत नाही. डबा आकाशातून एचडी चॅनेल घेतो, पण त्या वायरीत सोडताना ते जुन्या मापाचं करूनच सोडतो. ७२० गुणिले ५७६, म्हणजे साधारण सव्वाचार लाख ठिपके. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. पाचपट. आणि फोर-के टीव्हीच्या काचेवर असतात त्र्याऐंशी लाख. म्हणजे महिनाभर आमचा टीव्ही सव्वाचार लाखांचं पीठ त्र्याऐंशी लाखांच्या परातीत थापत बसला होता, आणि आम्ही भाकरी छान झाली म्हणत खात होतो.

हे उघडकीला आलं २ नोव्हेंबरला. महिला वर्ल्ड कपची फायनल, नवी मुंबईत. आमच्या सांगलीची स्मृती ओपनिंगला येणार, त्यामुळे घर भरलेलं. मॅच तीनला सुरू व्हायची, पण तिकडे पाऊस. भाचा मिरजेहून आला होता. करायला काही नाही म्हणून टीव्हीच्या मागे डोकावला आणि म्हणाला, "मामा, हे काय लावलंय? पिवळी वायर?" नव्या डब्याचा खोका माळ्यावर होता. वायर काढली. डबा शोकेसमधून उचलून टीव्हीखाली स्टुलावर ठेवला तेव्हा ती पुरली. मग त्यानं डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथलं ५७६ बदलून १०८० केलं. ही दुसरी मेख. नुसती वायर बदलून भागत नाही, डबाही कुठल्या मापात चित्र सोडतोय ते बघावं लागतं. मॅच पाचला सुरू झाली तेव्हा आमचं एचडी पहिल्यांदा लागलं.

आणि फरक दिसला. शंभर टक्के दिसला. पिवळ्या वायरीवर मैदानातलं गवत शेवाळासारखं दिसायचं. कॅमेरा बॉलमागे पळाला की ते आणखीच फिसकटायचं. आता रोलर फिरवलेले फिकट-गडद पट्टे सलग दिसत होते. स्मृती आणि शफालीनं १०४ची सलामी दिली. स्मृती ४५वर गेली तेव्हा घरात सन्नाटा, शफालीनं ८७ काढल्या, आपले २९८ झाले. पण एचडीचे पैसे खऱ्या अर्थानं वसूल झाले ते रात्री. दक्षिण आफ्रिकेची वोल्व्हार्ट शतक काढून उभी, तिनं उंच मारलेला बॉल अमनजोतच्या हातातून सुटला, परत सुटला आणि तिसऱ्या वेळी तिनं धरला. त्या दोन सेकंदांत बॉल कुठे आहे ते आम्हाला रिप्लेच्या आधी दिसलं. जुन्या चित्रात ते आधी आरडाओरड्यावरून कळायचं, मग डोळ्यांना. ५२ रननी जिंकलो, मध्यरात्र उलटून गेली, गल्लीत फटाके.

या मॅचनंतर मी एचडीचा भक्तच व्हायचा, पण ती पिवळी वायर मनातून जाईना. फरक इतका आहे तर महिनाभर कुणालाच का दिसला नाही? आमच्याकडे रंगीत टीव्ही आला १९८७च्या वर्ल्ड कपच्या आधी. त्या दिवशी कुणाला टीव्हीमागे डोकावून वायर तपासावी लागली नव्हती. रंग आला तो आंधळ्यालाही कळावा असा आला. एचडी तसं येत नाही. शेजारी जुनं चित्र ठेवलं की कळतं, नाहीतर माणूस दोन दिवसांत त्यालाच टीव्ही म्हणायला लागतो.

म्हणून डिसेंबरात घरातच परीक्षा घेतली. एकच चॅनेल साधं आणि एचडी, दोन्ही पॅक चालू ठेवले. कोपऱ्यात चॅनेलच्या चिन्हाखाली 'एचडी' लिहिलेलं असतं, त्यावर चिकटपट्टीनं कागद लावला. रिमोट माझ्याकडे. बायकोनं सोफ्यावरून सांगायचं, कुठलं कोणतं. क्रिकेटमध्ये दहापैकी दहा. बातम्यांत खालच्या पट्टीवरची अक्षरं बघून आठ. मालिकांमध्ये सहा, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आईला विचारलं तर तिचं उत्तर दर वेळी एकच: "ज्यात आवाज मोठा, ते चांगलं." यावर हसलो खरा, पण पुढे तिचंच म्हणणं खरं ठरलं, त्यावर नंतर येतो.

मालिकांमध्ये फरक का कळत नाही याचं उत्तर मला टेपनं मिळालं. आमच्या हॉलमध्ये सोफा टीव्हीपासून साडेनऊ फुटांवर. साधारण नीट दृष्टीच्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखता येतं. त्या हिशेबानं ४३ इंची टीव्हीवर जुन्या चित्राच्या ओळी साडेदहा फुटांच्या पुढे एकात एक मिसळतात. फुल एचडीच्या साडेपाच फुटांच्या पुढे. फोर-केचे ठिपके वेगळे बघायचे तर पावणेतीन फुटांवर नाक न्यावं लागेल. म्हणजे सोफ्यावर बसून आम्ही एचडीचा थोडासाच भाग घेतो आणि फोर-केचा शून्य. दोन माणसं हॉलमध्ये उभी राहून पाच मिनिटं एकमेकांकडे बघतायत, मधे ढणढण संगीत, यात साध्या चॅनेललाही फारसं काही झेपायचं नसतं. क्रिकेटमध्ये गवत, प्रेक्षक, पळता कॅमेरा हे सगळं एकदम येतं आणि साधं चॅनेल इतकं दाबून पाठवलेलं असतं की तिथे त्याचा दम सुटतो. साध्या चॅनेलवर गवताचं शेवाळ होऊन त्याचे चौकोन पडतात ते त्यामुळे. ओळींच्या संख्येपेक्षा ही दाबादाबीच जास्त डोळ्यांवर येते.

उलट आईची खुर्ची टीव्हीपासून सहा फुटांवर. कारण डोळे नव्हे, कान. ऐकू कमी येतं म्हणून ती पुढे बसते, आणि त्यामुळे सोफ्यावरच्या आमच्यापेक्षा एचडीचा जास्त फायदा होऊ शकतो तो तिला. तिला त्याचं सोयरसुतक नाही. ती यूट्यूबवर कीर्तनं बघते, तीही कुणीतरी मंडपात मागून मोबाइलवर काढलेली. बुवांच्या चेहऱ्याच्या जागी गव्हाळ डाग. त्याला कुठलाही टीव्ही काही करू शकत नाही.

मराठी चॅनेलांबद्दल जरा सविस्तर, कारण घेणारा बहुतेक वेळ तेच बघणार असतो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेलं आहेत आणि नव्या मालिका त्यावर खरोखर स्वच्छ दिसतात. काही वेळा गरजेपेक्षा जास्त. नायिकेच्या जबड्याखाली मेकअप कुठे संपतो ती सीमारेषा दिसते. वाड्याची दगडी भिंत प्लायवर रंगवलेली आहे हे कळतं. बायको म्हणते, आता सासूच्या कारस्थानापेक्षा तिच्या विगकडेच लक्ष जातं. जुने चित्रपट मात्र एचडी चॅनेलवर लागले तरी जुनेच. ऐंशीच्या दशकातला चौकोनी सिनेमा रुंद पडदा भरायला आडवा ताणलेला, सगळे नट दहा किलोंनी वाढलेले. किंवा वरून-खालून कापलेला, फेटा आहे पण फेट्याचा तुरा नाही. चॅनेलवर एचडी लिहिलंय म्हणून आतला मालही एचडी असतो असं नाही. फोर-केमध्ये तर डिशवर एकही मराठी चॅनेल येत नाही.

खर्च. २०१९पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमामुळे सुटी चॅनेलं घेता येतात, हे आमच्या डिशवाल्याला चांगलं माहीत आहे, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही. तो 'फॅमिली एचडी पॅक' गळ्यात मारतो. एचडी चॅनेलची किंमत साध्यापेक्षा सहसा जास्त. आमचं बिल महिन्याला सव्वाशेनं वाढलं होतं, म्हणजे वर्षाला दीड हजार. परीक्षेनंतर सगळा एचडी पॅक काढला. खेळाची दोन आणि मराठीतलं एक, एवढीच एचडी सुटी ठेवली. बिल सव्वाशेऐवजी आता पंचेचाळीसनं जास्त येतं. तीन महिन्यांत कुणीही 'अमुक चॅनेल धुरकट झालं' म्हणालेलं नाही.

इंटरनेटवरून बघणाऱ्यांचं गणित वेगळं. मुलगा डिशकडे ढुंकून बघत नाही, तो जमिनीवर, टीव्हीपासून चार फुटांवर बसतो. त्याला फरक कळतो. पण तिथेही पाटी वेगळी, माल वेगळा. नेटफ्लिक्सचा १९९चा प्लॅन ७२० ओळींपर्यंतच चित्र देतो, फुल एचडीला ४९९, फोर-केला ६४९. १९९ भरून फोर-के टीव्हीवर बघणारे माझ्या ओळखीत तिघं आहेत आणि तिघंही खूश आहेत. मी त्यांना काही बोललो नाही.

सेटिंगबद्दल दोन शब्द, कारण यात फुकटात जेवढा फायदा झाला तेवढा पॅकमध्ये झाला नाही. टीव्ही आला तेव्हा 'व्हिविड'वर होता. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात ते खपतं, घरात माणसं हळद लावल्यासारखी दिसतात. 'सिनेमा' मोड लावला. शार्पनेस बराच खाली आणला, तेव्हा चेहऱ्यांभोवतीची पांढरी कड गेली. हालचाल गुळगुळीत करणारी एक करामत असते, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. ती चालू असली की सिनेमा रंगमंचावरच्या तालमीसारखा वाटतो. बंद केली.

आता आवाज. जुन्या ३२ इंचीला खाली पुढच्या बाजूला स्पीकर होते. हा नवा पापडासारखा पातळ, स्पीकर मागे, आवाज भिंतीवर आपटून येतो. संगीत ऐकू येतं, संवाद नाही. आई आवाज वाढवते, मग जाहिरात लागली की खिडक्या हादरतात आणि वरच्या मजल्यावरून फोन येतो. त्र्याऐंशी लाख ठिपक्यांच्या नादात दुकानात मी आवाज ऐकूनच पाहिला नाही. पोपट बोलत नव्हता.

मग कुणी काय घ्यावं? क्रिकेट बघत असाल आणि सात-आठ फुटांच्या आत बसत असाल तर खेळाची एचडी चॅनेलं डोळे मिटून घ्या. खोली लहान असेल, ३२ इंचीच बसणार असेल आणि घरात मालिका नि बातम्याच चालत असतील, तर साध्या पॅकवर राहिलात तरी काही बिघडत नाही. वरचे पैसे आवाजात घाला. फोर-के टीव्हीबरोबर येतंच, त्यासाठी वेगळा एक रुपयाही देऊ नका. आणि कुणीही 'चित्र तेच येतं' म्हणाला की टीव्हीमागे हात घालून बघा.

रेघांचा जुना टीव्ही मोडीत द्यायचा राहून गेला होता. जानेवारीत तो आतल्या खोलीत लावून घेतला, आईच्याच सांगण्यावरून. संध्याकाळी सातला ती हॉलमधल्या ४३ इंचीसमोरून उठते आणि आत जाते. डावीकडच्या रेघांमागे कीर्तनकार अर्धे झाकलेले असतात, पण शब्द न् शब्द कळतो म्हणते. पाडव्याला साउंडबार बघायला जायचंय. या वेळी आईला घेऊन जाणार आहे.