भर उन्हात टॅब: केळीच्या शेतांतले सहा महिने

ठिबकचे आराखडे करणं हा माझा व्यवसाय. रावेर-यावल पट्ट्यात केळीची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची लागवड, जून-जुलैत लागते. त्यामुळे शेताची मोजणी, फिल्टरची जागा, मेन आणि सबमेनची (मुख्य पाइप आणि त्याच्या फाट्यांची) आखणी हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरकावं लागतं, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या सगळ्यात कडक उन्हात. या कामासाठीच जानेवारीत टॅब घेतला. दहा इंचांच्या आसपासचा, एलसीडी स्क्रीन, ब्राइटनेस ५०० निट्स (निट म्हणजे पृष्ठभाग किती चमकतो त्याचं माप), किंमत मध्यम. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक टॅबना खालचं सगळं लागू पडेल.

घरात आणि ऑफिसात स्क्रीन सुरेख आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. प्रश्न बांधावरचा आहे. एका शेताच्या मालकांना, आबांना, नकाशा दाखवायला गेलो, "ही तुमची विहीर, इथून सबमेन जाईल," तर आबा दोन मिनिटं निरखून म्हणाले, "भाऊ, मले तर यात माझी टोपीच दिसते." आणि ते अगदी खरं होतं. काचेत त्यांची पांढरी टोपी आणि मागचं आभाळ लख्ख दिसत होतं, नकाशा त्याच्या खाली कुठेतरी होता.

हे का होतं ते आकड्यांत बघा. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण १,००,००० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतो. तेवढ्या उन्हात धरलेला पांढरा कागद जवळपास २५,००० निट्सनी चमकतो, आणि माझा टॅब पूर्ण जोर लावून ५००. काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. स्वस्त आणि मध्यम टॅबमध्ये वरची काच आणि आतलं पॅनल यांच्यामध्ये हवेची फट असते, त्यामुळे उजेड परत फेकणारे पृष्ठभाग एकाचे तीन होतात. समोर उन्हात उजळलेला पांढरा शर्ट असेल तर त्याचं नुसतं प्रतिबिंबच स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडापेक्षा जास्त भरतं. म्हणून माझं ठाम मत झालंय की बाहेरच्या कामासाठी टॅब घेताना निट्सच्या आधी काच लॅमिनेटेड, म्हणजे फट न ठेवता पॅनलला चिकटवलेली, आहे का आणि तिच्यावर परावर्तन कमी करणारा थर आहे का, हे विचारावं. ॲपल आयपॅड एअरच्या माहितीत १.८ टक्के परावर्तन असा आकडा देते. तसा आकडा बाकीच्या कंपन्यांनीही छापायला हवा. दुकानात हे कोणी सांगत नाही. टॅब बंद करून ट्यूबलाइटखाली तिरपा धरा: ट्यूबची दोन-तीन प्रतिबिंबं एकमेकांना चिकटून दिसली तर आत फट आहे असं समजा.

मार्चपासून मी शेतावर गडद निळा किंवा काळपट शर्ट घालतो. उन्हात अंग थोडं जास्त तापतं, पण स्क्रीनवर जो फरक पडतो तो कुठल्याही सेटिंगने पडला नाही. दुसरं, सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं. मग आपलीच सावली टॅबवर पडते आणि काचेत दिसणारी आपली छातीही सावलीत असते. सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर हे उत्तम चालतं. मे महिन्यात दुपारी मात्र नाही. शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस ते, आपली सावली पायाखालीच राहते.

तेव्हा एकच उपाय, जुनी काळ्या कापडाची छत्री. काळीच हवी. टॅब आडवा धरला की काचेत वरचं दिसतं, आणि वर छत्रीची काळी आतली बाजू असली की काचेला परत फेकायला उजेडच उरत नाही. आतून चंदेरी असलेली छत्री आणून पाहिली, तिच्याखाली डोक्याला गार वाटलं पण स्क्रीन पांढुरकीच राहिली. टेप धरायला येणारा पोरगा आता न सांगता छत्री घेऊन येतो. छत्रीखाली आबांनीही नकाशा बोटाने सरकवून बघितला आणि सबमेन विहिरीच्या दुसऱ्या अंगाने न्यायला लावला.

मॅट स्क्रीनगार्डवर पैसे घालू नका, निदान या कामासाठी नको. तो उजेड कमी करत नाही, फक्त पसरवतो. झाडाखाली बरा वाटतो, उघड्यावर सगळी स्क्रीन दुधाळ होते. महिन्याभरात काढून टाकला.

सेटिंगमध्ये ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा. बऱ्याच टॅबमध्ये उन्हातला जास्तीचा जोर ऑटो असतानाच मिळतो, हाताने पट्टी शेवटपर्यंत सरकवून मिळत नाही. सेन्सर साधारण पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. माझ्या टॅबमध्ये आडवं धरल्यावर तो नेमका डाव्या अंगठ्याखाली येतो, आणि अंगठा पडला की स्क्रीन मंदावते. डार्क मोड शेतात बंद. काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब सगळ्यात स्पष्ट उमटतं. पांढऱ्यावर काळ्या जाड रेघा काढा. सॅटेलाइट नकाशा उन्हात नुसता हिरवा-तपकिरी लगदा दिसतो, मी गटाची हद्द आणि पाइपलाइन एवढंच ठेवतो.

पोलराइज्ड गॉगल वापरणाऱ्यांनी खरेदीआधी गॉगल लावूनच टॅब उभा-आडवा फिरवून बघावा. माझा उभा धरला तर नीट दिसतो, आडवा केला की जवळजवळ काळा पडतो. एलसीडीचा उजेड एका दिशेत ध्रुवीभूत असतो आणि गॉगल नेमकी तीच दिशा अडवतो. टॅब बिघडलेला नसतो.

उष्णतेचं दुखणं मला प्रकाशाइतकंच मोठं वाटतं, आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं. आयपॅडसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलेलं असतं. बाकीचेही साधारण तिथेच असतात. आपल्याकडे मेमध्ये सावलीतलंच तापमान ४३-४४ असतं. एप्रिलपासून रोजचा अनुभव असा: उघड्यावर पंधरा-वीस मिनिटं झाली की टॅब स्वतःला वाचवायला ब्राइटनेस उतरवतो, म्हणजे जेव्हा उजेड हवा तेव्हाच कमी होतो. पॉवरबँक लावली तर आणखी लवकर. मी मागचं काळं रबरी कव्हर काढून टाकलं आणि काम तुकड्यांत करतो. मोजायचं, टॅब बंद करून कापडी पिशवीत, मग पुढचा कोपरा. फारच तापला तर शेजारच्या उभ्या केळीत सावलीला ठेवतो, तिथे चांगलं गार असतं. बर्फाच्या डब्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको.

घामाचा थेंब काचेवर पडला की टॅब त्याला बोट समजतो आणि रेघ भलतीकडे जाते. मनगटाला सुती रुमाल आणि जमलं तर स्टायलस. बॅटरी पूर्ण ब्राइटनेसवर ऑफिसातल्यापेक्षा जेमतेम निम्मी पुरते.

जूनमध्ये ढग आल्यावर हाच टॅब अगदी निवांत वाचता येतो, उजेड १०,००० लक्सच्या आसपास उतरतो. वर्षभर घाटावरच्या ढगाळ भागात काम असेल त्याने हाच घ्यावा, पुरेल. खानदेश-विदर्भात उन्हाळ्याचं काम असेल तर दहा-पंधरा हजार जास्त घालून लॅमिनेटेड, थर दिलेल्या काचेचा बघावा. चारी खोदणाऱ्या माणसांच्या हातात मात्र मी अजूनही ए-थ्रीची प्रिंटच देतो. ती बांधावर दगडाखाली ठेवता येते, मातीच्या हाताने धरता येते, आणि ऊन जितकं कडक तितकी स्पष्ट दिसते.