रिकामा प्लॉट: भाजीबाग की पोरांना खेळायला जागा?

भाजीबाग म्हटलं की सगळे हो म्हणतात, पण तिथे जुनं घर पाडलेलं असेल तर मातीत रंगातलं शिसं असू शकतं, म्हणजे आधी माती टेस्ट करा, गरज पडली तर उंच वाफे बांधून बाहेरची माती भरा, आणि रोज पाणी घालणार कोण? उत्साह ओसरला की दोनच माणसं उरतात. शिसं पोरांनाही बाधतं, त्यामुळे टेस्ट खेळाच्या जागेलाही हवीच, पण पुढचं काम कमी. आम्सटरडॅममध्ये 1947 पासून आल्डो व्हॅन आइक या डच वास्तुविशारदाने वाळूचा हौद, लोखंडी कमानी, बाकडी एवढ्यावर कितीतरी पडीक तुकडे खेळते केले. आवाजाची कटकट होणार, होऊ दे. मालक दोनच वर्षं देत असेल तर माझं मत खेळाला, करार लांबचा असेल तर खुशाल बाग करा.